दुसरा कबुलीजबाब

वकीलसाहेबांच्या घरी मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. समोर बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत टेबलावर दोन मोबाइल, एक चष्मा आणि चांदीचा पानाचा डबा होता. सूनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मामंजी पूजेत आहेत. बसा." मग त्या टेबलाशी गेल्या. दोन्ही मोबाइल उचलले. पानाचा डबा उचलला. आत गेल्या.

चष्मा तिथंच ठेवला. चष्मा कुणी चोरत नाही.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. हुबळीच्या एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षं नर्स आहे. बेशुद्ध माणूस आत आला की त्याच्या अंगावरचे दागिने मी उतरवते, कागदात बांधते, नातेवाइकांच्या हातात देते, सही घेते. आजवर एकही तक्रार नाही.

सूनबाईंनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मला तिथून जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांना माहीत होतं. म्हणजे माझी गोष्ट त्या घरात अजून सांगितली जात होती.

मी तिथं एका पत्रासाठी गेले होते. माझी एकुलती एक मुलगी न्यूझीलंडमध्ये आहे. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच जन्मलं आणि गेलं. आता पुन्हा सातवा लागला आहे. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे, पलंगावरून उठायचं नाही. जावई रात्रपाळीला असतो. पहिल्या वेळी ती घरात एकटी पडली होती, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. या वेळी मला तिथं असायचं होतं. त्यासाठी व्हिसा हवा होता. व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही कधी कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का?

ठरले आहे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही महार. धारवाडात तिसरी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वकीलसाहेबांच्या आईला अर्धांग झालं होतं, वाचा गेली होती. तिला उठवणं, पुसणं, भरवणं हे माझं काम. मी मागच्या दारानं आत जात असे. स्वयंपाकघर आणि देवघर सोडून बाकी खोल्यांत जायची मुभा होती.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे लग्न निघालं. कपाट उघडलं तर म्हातारीची सोन्याची साखळी नव्हती. त्यांनी सगळीकडे शोधलं. माझी पिशवी झाडली. आमच्या घरी येऊन आईची पेटी उलटी केली, तांदळाचा डबा ओतला. देवघरात शोधलं नाही. तिथं मी जातच नव्हते, मग तिथं काय शोधायचं?

पोलीस ठाण्यात मी दोन दिवस होते. आई बाहेर पायरीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. फिर्यादी तेच होते. सल्लाही त्यांनीच दिला.

"हे बघ पोरी, नाही म्हणालीस तर वर्षानुवर्षं तारखांना खेटे घालत बसशील. होय म्हण. आईचा विचार कर, दंड मी भरतो. संध्याकाळी घरी जाशील. तुझं वय लहान आहे, कोण लक्षात ठेवतंय?"

आई म्हणाली, "साहेब म्हणतात तसं कर."

आमच्या ओणीत, म्हणजे गल्लीत, केस लढवायची रीत नव्हती. मिटवायची रीत होती. मोठा माणूस सांगेल तिथं मान हलवायची आणि घरी यायचं. कबूल केलं म्हणजे केस संपली, असं सगळे समजत. आईही तेच समजली. मीही.

मॅजिस्ट्रेटनं कन्नडात विचारलं, "तप्पु ओप्कोतीयेन?" गुन्हा कबूल आहे का? मी म्हणाले, "हौद्री." होय. एवढाच शब्द. संध्याकाळी खरंच घरी आले.

भाद्रपदात गौरी आल्या. त्या घरी गौरीचे मुखवटे वर्षभर देवघरातल्या डब्यात असतात, वर्षातून एकदाच बाहेर निघतात. डबा उघडला तर मुखवट्यांखाली कापसात साखळी होती. आदल्या वर्षी म्हातारीनं ती गौरीच्या गळ्यात घातली होती आणि काढायची राहून गेली होती. नंतर तिची वाचा गेली. स्वयंपाकाच्या अंबाबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. त्यांनी येऊन आईला सांगितलं.

आई त्या घरी गेली. वकीलसाहेबांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "झालं ते झालं. केस तर केव्हाच संपली की." आणि साडी दिली. आईनं घेतली. नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

आई गेली. अंबाबाई गेल्या. बाईसाहेबही गेल्या. साखळी कुठं सापडली हे जिवंत माणसांपैकी आता दोघांना माहीत आहे. वकीलसाहेबांना आणि मला.

ते पूजा आटोपून बाहेर आले. थकले आहेत, पण आवाज तोच. मी फोनवर सांगितलं होतं, म्हणून पत्र त्यांनी आधीच टाइप करून ठेवलं होतं. मी उभ्यानं वाचलं. "सदर स्त्रीस मी सत्तावीस वर्षे ओळखतो. तारुण्यात तिच्या हातून एक चूक घडली. तिला पश्चात्ताप झाला असून ती आज सचोटीने जगत आहे."

मी म्हणाले, "साहेब, साखळी कुठं सापडली ते यात लिहा."

ते म्हणाले, "ते लिहिलं तर मी खोटी फिर्याद दिली असं होतं. माझं वय बघ. धारवाडात आमचं नाव आहे."

"माझंही नाव आहे, साहेब. पोलिसांच्या दप्तरात."

ते हसले. "जीभ चालायला लागली तुझी. नर्स झालीस, बरं झालं. घे ते पत्र. मुलीचा विचार कर."

सूनबाईंनी पाणी आणलं. त्यांना स्टीलच्या तांब्यातून. मला कागदी कपातून. मी पाणी प्यायले नाही. पत्र मात्र घेतलं. हे लिहायला हवं. मी ते पत्र घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि हुबळीची बस धरली.

वाटेत नवनगरला उतरले. अर्ज भरून देणारा एजंट तिथं बसतो. सरळ मुलगा आहे. लपवू नका, असं त्यानंच सांगितलं होतं. पत्र वाचून तो खूश झाला.

"भारी झालं अक्का. मोठ्या वकिलाचं पत्र आहे. आता तुमचं पश्चात्तापाचं पत्र जोडलं की झालं." ते त्यानं तयारच ठेवलं होतं. खाली सहीपुरती जागा होती.

मी म्हणाले, "मी चोरी केलेली नाही."

"असंल अक्का. पण कोर्टाचा कागद म्हणतोय केली. कागदावर विश्वास ठेवतील का तुमच्यावर? केली नाही म्हणालात तर अर्ज मागं फिरतोय बघा. चुकलं म्हणा. चुकलं म्हणणाऱ्याला सोडतात."

मुलीचा फोन आला. झोपूनच बोलत होती. मी तिला सांगितलं.

"आई, लिही गं दोन ओळी. इथं कोण वाचणार आहे?"

मी ते पत्र पुढं ओढलं.

"मला भीती वाटायलीय आई. येणार न्हवं तू?"

मी पेन हातात घेतलं. पिशवीचा टाका सुटला तर किती मिनिटांत काय होतं, ते मला माहीत आहे. मी पाहिलेलं आहे. मी पत्राची पहिली ओळ वाचली. "वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी चोरी केली." माझ्या तोंडी घातलेलं वाक्य. तेव्हा एक शब्द मागितला होता, आता आख्खं पान. मागायची रीत तीच. वकीलसाहेबांनी तेव्हा आईचं नाव पुढं केलं होतं, आज मुलीचं. तेव्हा मी एकोणीसची होते आणि कबूल करणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

मी पेन खाली ठेवलं. मुलीला म्हणाले, "मी वाचणार आहे. आणि उद्या तुझं लेकरू वाचेल."

ती रडली. मग फोन बंद झाला. तिनं केला की नेटवर्क गेलं, कळलं नाही.

नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात: जे पाहिलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. एजंटकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच लिहायला बसले. दोषी ठरला आहात का? होय. गुन्हा केला होता का? नाही. साखळी कुणाची, कधी हरवली, कुठं शोधली, कुठं शोधली नाही, कुठं सापडली. कबूल करायला कुणी सांगितलं. फिर्यादीचं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता लिहिला. त्यांचं पत्र जोडलं आणि त्याच्या वर लिहिलं: हे पत्र देणारे गृहस्थ फिर्यादी आहेत, आणि साखळी त्यांच्याच देवघरात सापडली हे त्यांना माहीत आहे.

एजंटनं वाचलं. "अक्का, हा फिरणार."

"फिरू दे. पाठव."

दुसऱ्या दिवशी धारवाडच्या कोर्टात जाऊन जुन्या निकालाच्या नकलेसाठी अर्ज दिला. ती हातात आली की अपील करणार आहे. क्लार्क म्हणाला, "सत्तावीस वर्षांनी? आता काय मिळणार तुम्हाला?" मी पोचपावती मागितली.

मुलीनं चार दिवस फोन उचललेला नाही. जावई मेसेज करतो: ठीक आहे. व्हिसा येणार नाही, असं मी धरून चालले आहे. तिला माझ्याशिवाय बाळंत व्हावं लागेल. काही वाईट झालं तर ते मला जन्मभर पुरेल, हेही मला माहीत आहे. तरी तो कागद मी परत मागवणार नाही. पुढच्या कोर्टात, पुढच्या अर्जावर, विचारणारा कुणीही असो, माझं उत्तर आता लिहून झालं आहे. खाली माझी सही आहे.