सासूबाईंचे सात कूलर

"मग मी काय मेली काय गा?"

माझी सासू बँकेच्या काचेच्या खोलीत ओरडली, तेव्हा तळघरातल्या लॉकरमधलं सोनं खणखणलं. टोकन घेऊन बसलेली माणसं उभी राहिली, दारावरचा बंदूकवाला नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा जागा झाला. समोरचा कर्जवाला साहेब बिचारा एवढंच बोलला होता, की माझ्या एकटीच्या पगारावर फ्लॅटचं कर्ज बसत नाही, आणि नवऱ्याचं नाव तर अर्जाच्या आसपासही नको. नवऱ्याची कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आडत होती. ती बुडाली, आणि नुकतंच कोर्टानं त्याला रीतसर दिवाळखोर ठरवलं. त्याचं नाव टाकलं की बँकेचा कॉम्प्युटर खोकायचा. मी धूर पाहिला आहे.

इकडे घरमालकाला पोराच्या लग्नासाठी आमच्या दोन खोल्या हव्या होत्या, पावसाळ्याच्या आत. आणि दिवाळं निघालेल्या माणसाला भाड्यानं खोली द्यायला अख्खं लकडगंज तयार नव्हतं. फ्लॅट मिळाला नाही, तर बिऱ्हाड फुटपाथवर मांडायचं होतं.

"माह्यं नाव लिवा," सासू खुर्चीत बसत म्हणाली. "मले पेन्शन हाय."

सासू सरकारी दवाखान्यात आया होती, नुकतीच रिटायर झालेली. साहेबानं तिचं नाव टाकलं आणि बघतच राहिला. कर्ज फेडण्यात असा स्वच्छ माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता म्हणे. फक्त एक शंका होती. बाईंनी किस्तीवर सात कूलर घेतलेले दिसत होते. दोन खोल्यांत सात कूलर कसे मावतात, असं त्यानं विचारलं. मोजायले पाठव कोणाले, असं सासूनं सांगून टाकलं.

घरात कूलर एकच होता! बाकीचे गल्लीत होते. आमच्या गल्लीतल्या बाया रोजमजुरीवाल्या, त्यांना दुकानदार किस्तीवर चमचाही देत नसे. म्हणून ज्या बाईला उन्हाळा सोसेनासा होई, ती सासूच्या नावावर कूलर उचलायची. किस्त चुकली, की सासू पाट घेऊन तिच्या दारात बसायची आणि तिच्या माहेरचा इतिहास मोठ्यानं सांगायची. त्या भीतीनं गल्लीतली एकही किस्त कधी एक दिवससुद्धा लांबली नाही. सगळे कूलर फिटलेले होते.

मी सुचवलं, की कूलर भंगारात गेले म्हणून सांगू. "खोटं काहून बोलू वं?" असं म्हणून तिनं माझी जिरवली.

बँकेचा माणूस भर मे महिन्यात दुपारी आला. बुटांना डांबर चिकटून अर्धा रस्ता त्याच्या मागे घरात आला होता. त्यानं आमचा एक कूलर पाहिला आणि बाकीच्यांसाठी इकडेतिकडे बघू लागला. सासूनं त्याचा हात धरला आणि ती गल्लीत उतरली. पुढच्या घरी कूलर लावला, तर्री-पोहे आले. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा कूलर, पुन्हा पोहे. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. पाचव्या घरी त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. शेवटच्या घरी शाल मागितली. प्रत्येक बाई एकच सांगे, की किस्त वेळेवर दिली, म्हातारी दारात बसू नये म्हणून.

निघताना त्यानं सासूला विचारलं, की लोकांचं ओझं तुम्ही आपल्या नावावर का घेता.

"उन्हाळा माह्या एकटीच्याच घरी येते काय?" सासू म्हणाली.

कर्ज मंजूर झालं. सासू आणि सून, दोघींच्या नावानं. गृहप्रवेशाला गल्लीतल्या बाया आपापले कूलर टेम्पोत घालून आल्या आणि सातही एकदम सुरू झाले. त्या दिवशी नागपूरचं तापमान उतरलं. पेपरवाल्यांनी ते ढगांच्या नावावर टाकलं, पण आम्हाला ठाऊक आहे.

पाहुणे जेवत असताना नवरा दाराबाहेर पाटीखाली उभा होता. पाटीवर दोन नावं, दोन्ही बायांची. त्यानं ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"माय, माह्यं नाव कोठीच नाही काय वं?"

सासू कूलरमध्ये पाणी भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"लाइटचं बिल तुह्या नावानं करू," ती म्हणाली. "भरत जाजो."