साखरखेर्ड्याचा उष्टा चष्मा

साखरखेर्ड्याला जायचं ठरलं तेव्हा मी दोनच गोष्टी विचारल्या: रस्ता कसा आहे, आणि चष्म्यांची पेटी मांडीवर कोण घेणार. चष्म्याच्या काचा घासायचं आणि डोळ्यांचा नंबर काढायचं शिक्षण मी मुंबईला घेतलं आहे, त्यामुळे काळजी पेटीची होती. बुलढाण्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षभर एक रीत पाळली गेली. ज्याचा नंबर बदलेल त्याने जुना चष्मा प्रभूच्या नावाने पेटीत टाकायचा. तो गरज असेल त्याला मिळेल, जातधर्म विचारायचा नाही. मार्गशीर्ष लागेपर्यंत पेटी भरली. मी सहसा असं लिहीत नाही, पण निघायच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही.

बरोबर पाळकीणबाई होत्या, आमच्या पाळकांच्या पत्नी. चिखलीपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते. पुढची जागा मागून घ्या; मागे बसलात तर उतरताना ओळखू येणार नाही, इतकी धूळ बसते. चिखलीला मुक्काम करून पहाटे बैलगाडी केली. गाडीत कडबा दुप्पट घालायला सांगा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनच तुरीची पिवळी फुलं, आणि थंडी अशी की बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. मी पेटी सोडत नाही हे पाहून गाडीवान किसनने विचारलं, “बाई, पेटीत लेकरू निजलं का?” पाळकीणबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरून ओठांवर आला. वाटेत ओढ्याकाठी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा खाल्ला. हे चिखलीतूनच बांधून घ्यावं, वाटेत काही मिळत नाही.

साखरखेर्ड्यात एका शेतकरी घराच्या ओसरीवर आमची सोय झाली होती. चादर अंथरून मी चष्मे मांडले, नंबरांप्रमाणे. वाटलं त्याहून जास्त माणसं आली. एका म्हाताऱ्याने काच डोळ्यांवर येताच स्वतःच्या हाताचे तळवे उलटसुलट पाहिले आणि बायकोला म्हणाला, “तू एवढी म्हातारी कधी झाली वं?” ओसरी हसण्याने दणाणली. माझे हात भराभर चालत होते. इतका आनंद मला कामात क्वचित झाला आहे.

त्या घरची थोरली सून काशीबाई मात्र दारातच उभी होती. वडील मेहकरला मास्तर, म्हणून तिला वाचता येत होतं. मार्गशीर्षात आळीतल्या बायकांसाठी तीच पोथी लावायची, रोज एक अध्याय. गेल्या साली अक्षरं दिसेनात, म्हणून तिने पाठांतरावर रेटलं, मध्येच ओळी हरवल्या आणि बायका एकेक करून उठून गेल्या. यंदा पोथी अजून कापडातच होती. आळीत वाचणारी दुसरी कुणी नव्हती.

अडवत होते तिचे दीर. “शिवणटिपणाले घे ना वैनी, कोण नाही म्हणते? पण पोथीले उष्टा चष्मा नाही चालत.”

गंमत अशी की इकडे पाळकीणबाईही माझ्या कानाशी तेच म्हणत होत्या, त्यांच्या बाजूने. मंडळीने प्रभूच्या नावाने दिलेला चष्मा पोथी वाचायला द्यायचा का? मी म्हटलं, “काय वाचायचं ते काचेला सांगता येत नाही.” त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

या वादात जवळचं दिसायचे चष्मे संपले. काशीबाई अखेर समोर येऊन बसली तेव्हा चादरीवर फक्त लांबचं दिसायचे उरले होते. मी तपासणीच्या काचा लावून तिचा नंबर काढला. डोळे निरोगी, दोन्हींचा नंबर सारखा. तो पेटीत नाही, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पदर सावरून उठू लागली.

नंबर ऐकून पाळकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा मीच केलेला, नंबर तोच. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि काशीबाईपुढे धरला. “पोथी आणा. नीट दिसतं का ते पाहू.”

दीर म्हणाले, “आता तर समोरच्या समोर उष्टा!”

“डोळ्याले का तोंड असते भाऊजी, उष्टं कराले?” काशीबाईने चष्मा चढवला. पोथी आली. पहिल्या ओळीला ती अडखळली, दुसरीला नाही. आळीतल्या बायका एकेक करत ओसरीच्या पायरीशी येऊन बसल्या. पाळकीणबाई हात जोडून नव्हे, पण शेवटपर्यंत ऐकत होत्या. निघताना दिरांनी गाडीत हरभऱ्याची हिरवी भाजी भरून दिली आणि कडबा स्वतः पसरला.

परतून आता बरेच दिवस झाले. पाळकीणबाईंसाठी काचा मागवल्या आहेत, अजून आलेल्या नाहीत. तोवर रोज संध्याकाळी त्यांना पवित्र शास्त्र मी वाचून दाखवते, एकेक अध्याय. काल वाचून झाल्यावर त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, प्रार्थना करत आहेत.

“आज तिकडे कितवा अध्याय झाला असेल गं?” त्यांनी विचारलं.