उंबराच्या फांदीखालची कमान

सलीमभाईंनी पाइप मशीनमध्ये घातलाच होता. मी ओरडले, "थांबा!"

साखरा गावाच्या वेशीवर कमान उभारायची होती. मी साइट इंजिनिअर, सलीमभाई फॅब्रिकेटर. खांब झाले होते, मधलं अंतर वीस फूट. खांबांच्या माथ्यापासून सात फूट वर उंबराची फांदी आडवी गेलेली. आर्किटेक्टनं नुसतं समीकरण पाठवलं होतं: x² + 4y² − 20x = 0. x म्हणजे डाव्या खांबापासूनचं अंतर, y म्हणजे माथ्यापासूनची उंची, दोन्ही फुटांत.

"दोन्हीचा वर्ग हाय मॅडम. म्हंजे गोलच."

"अर्धा गोल दहा फूट वर जाईल, भाई. फांदीचं काय?"

"छाटू की."

सरपंच सुमनमावशी पुढं आल्या. "उंबराला कुऱ्हाड? आमच्या गावात न्हाई चालत. गोलच काहून पायजे तुमाला?"

"मशीन गोलच वाकवतंय, मावशी. अन् पाइप एकच हाय."

गोल असता तर दोन्ही वर्गांपुढचे आकडे सारखे असते. इथं y² पुढं चार. म्हणजे लंबवर्तुळ, वरून दाबलेला गोल. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर मी वर्ग पूर्ण केला: (x − 10)² + 4y² = 100. मध्य दहा फुटांवर, तिथं उंची पाच. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, तिथंही सांगितलं.

"पिशवीवर सगळंच बसतंय," सलीमभाई म्हणाले.

मग मी वक्र जमिनीवरच काढला, खऱ्या मापाचा. दोन फुटांवर उंची तीन. चारवर चार. दहावर पाच. पुढं तसाच उतार. ठिपके चुन्यानं जोडले. हळद शिजवायचे दिवस, सकाळचं धुकं, त्यात वाफेचा ओला वास. पांढरी रेघ धुक्यात तरंगल्यासारखी दिसत होती. बायांनी शेळ्याही तिच्या कडेनं वळवून नेल्या. रांगोळी समजून कुणीच पाय दिला नाही. मला क्षणभर वाटलं, कमान आधीच उभी आहे आणि आम्हीच आडवे झालोय.

"चांद उतरल्यावानी दिसून राहिला," मावशी हळूच म्हणाल्या.

सलीमभाई रेघेच्या कडेनं एकदा चालून आले. मग मशीनचा दाब सैल केला. थोडं वाकवायचं, रेघेवर ठेवायचं, पुन्हा वाकवायचं. धुकं विरलं. दुपारी पाइप चुन्यावर बराबर बसला.

कमान चढली. फांदी दोन फूट वर राहिली, अख्खी.

समीकरणात वर्ग दिसले की हरखून जाऊ नये. आधी त्यांच्यापुढचे आकडे पाहावेत. वाकलेला पाइप सरळ करायला कुठलीच डिग्री कामाला येत नाही.