पाणी किती फुटांवर लागलं

जमिनीत केवढातरी मोठा खड्डा खणलेला दिसला, तर तुम्ही आधी काय विचारता? पुण्याची माणसं विचारतात, पुढची गाडी कधी आहे. माझे मामा देवणीकडचे. दुष्काळाच्या उन्हाळ्यात ते पुण्याला आले, तेव्हा मी त्यांना भुयारी मेट्रोचं स्टेशन दाखवायला नेलं. सरकत्या जिन्यावरून खाली उतरताच त्यांनी रखवालदाराला विचारलं, "भाऊ, पाणी किती फुटांवर लागलं?"

"प्यायचं पाणी तिकडं आहे, काका."

"ते न्हाई. खांदताना."

"लई लागलं. मी तेव्हापासून इथंच आहे. पंप लावून गटारात सोडलं सगळं," रखवालदार अभिमानानं म्हणाला.

"गटारात," मामा म्हणाले. "आन् आमी बोअर मारून फुफाटा काढायलोत."

मामा खरं तर माझ्याकडून त्यांच्या भागाचा वेगळा जिल्हा करा, या मागणीचं पत्रक लिहून घ्यायला आले होते. तिकडच्या पुढाऱ्यांनी मुद्दे सांगून पाठवले होते: कलेक्टर कचेरी, विश्रामगृह आणि पुढेमागे मेट्रो. पाण्याची पाइपलाइन त्यात नव्हती. पुढाऱ्यांच्या दारात टँकर रोज येतो, त्यांना ती आठवणार कशी?

वर आल्यावर मामा मला म्हणाले, "माय, ती मेट्रो काट. पैलं पाइपलाइन लिव्ह."

मी तसंच लिहून दिलं. पुढाऱ्यांनी छापताना पाइपलाइन गाळली आणि मेट्रो परत घातली.

तुम्ही आमच्या मामांच्या भागातले असाल, तर आता पुढाऱ्यांची माणसं ते पत्रक घेऊन सह्यांसाठी तुमच्या दारात येतील. जिल्हा आम्हालाही हवा आहे, सही जरूर करा. पण त्याआधी, त्यांच्या देखत, पहिल्या ओळीच्या वर पेनानं 'पाइपलाइन' लिहा.