एकाच माणसाची गाडी

आणीबाणी उठली त्या सुमाराला सांगलीत आमच्या गॅरेजसमोर दोन गाड्या उभ्या असायच्या. एक आमची, चार दारांची. दुसरी कुंडलच्या एका ऊस बागायतदारांची. तिला दारच नव्हतं, वरून पाय टाकून आत उतरावं लागायचं.

आमचे हे लष्करात वर्कशॉपला होते. पेन्शनीवर घरी आले तरी हात काही स्वस्थ बसेनात. आमची गाडी त्यांनी जुनीच घेतली आणि दोन वर्षं तिच्या इंजिनाच्या मागं लागले. वडूजहून सासूबाईंना आणायचं तर मागं सासूबाई आणि दोन मुलं, डिकीत ज्वारीचं पोतं, आणि एवढं असूनही चढावर गाडी दमायची नाही. मोठमोठ्या गाड्यांना मागं टाकून पुढं निघायची, आणि सासूबाईंची डुलकीसुद्धा मोडायची नाही. याचा त्यांना फार अभिमान.

बागायतदारांची गाडी निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली. तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला अशा शर्यती होत. नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, बसायला एक जागा. काच नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही. वजन कमी करायचं म्हणून ह्यांनी तिचे नटबोल्टसुद्धा मोजके ठेवले होते. काम मन लावून करायचे, पण तिच्याविषयी बोलताना नाक मुरडायचे.

"सगळं काढून टाकल्यावर कुठलीबी गाडी पळंल," म्हणायचे. "माणसं बसवून पळवायची, त्यात खरं काम हाय."

मला ते पटायचं. माझं लहानपण जतकडं मेंढरांच्या मागं चालण्यात गेलेलं. गाडीत बसून माहेरी जाते, एवढ्याचंच मला अप्रूप होतं.

शर्यतीला आठवडा राहिला असताना त्या गाडीच्या इंजिनात एक बारीक आवाज येऊ लागला. पूर्ण जोरात असतानाच यायचा. आत बसल्यावर वाऱ्यात तो नेमका कुठून येतो ते कळत नव्हतं. बाहेर उभं राहून ऐकावा तर चालवायला दुसरं माणूस हवं. बागायतदार लग्नाला पुण्याला गेलेले. गॅरेजात त्या दिवशी आम्ही दोघंच. मला ह्यांनीच जतच्या सरळ रस्त्यावर गाडी शिकवली होती, तीही मी वर्षभर मागं लागले तेव्हा. मला म्हणाले, "तू चालवशील का?"

सकाळीच गावाबाहेरच्या माळावर गेलो. तिथं जुना, सरळसोट डांबरी पट्टा होता. पाय पुरेनात म्हणून पाठीमागं गोधडीची घडी घातली. पदर दोनदा खोचला. हे पट्ट्याच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

पहिल्या फेरीला मी भीतभीत गेले. त्यांनी हातानं खूण केली, आणखी. दुसऱ्या फेरीला पाय दाबला. पोटऱ्यांना इंजिनाची धग लागत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक खडा मनगटावर बसला. हातातलं चाक इतकं जड की खांदे भरून आले. पण मी मनात आणायचा अवकाश, गाडी तिकडं वळलेली. आमच्या गाडीत मी नेहमी मागं कान ठेवून असायची, कोण रडतंय, कुणाला मळमळतंय. इथं मागं कुणी नव्हतंच. तीन फेऱ्या सांगितल्या होत्या, मी सात मारल्या.

थांबले तेव्हा हे जवळ आले. आवाज पहिल्या दोन फेऱ्यांतच सापडला होता म्हणाले.

घरी येताना मी म्हणाले, "आवं, ती गाडीबी खरीच हाय."

"एकट्याची हाय," ते म्हणाले.

"म्हणून तर."

शर्यतीत बागायतदार दुसरे आले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली आणि त्यांनी ती गाडी विकून टाकली. माझं मात्र चित्त थाऱ्यावर राहिना. भाकरी थापताना पाय दाबला जायचा. आमच्या गाडीत बसले की दारं जड वाटायची, सीट मऊ वाटायची, आणि मुलांची बडबड ऐकून मी उगाच चिडायची. यात मुलांचा काय दोष, हे कळायचं, तरी चिडायची.

एक दिवस मुलं शाळेत असताना किल्ली घेतली आणि ह्यांना सांगितलं, जतला जाऊन येते. मिरज सोडल्यावर काचा खाली केल्या. रस्ता मोकळा होता आणि गाडी सुरेख पळत होती; ह्यांनी तिच्यात काय ओतलंय ते मला त्या दिवशी कळलं. पण मागची रिकामी सीट आरशात सारखी दिसत होती.

वडील रानात मेंढरं घेऊन उभे होते. एवढी मोठी गाडी आणि एकटीच उतरलेली बघून घाबरले.

"कोन आजारी हाय का गं?"

"न्हाई. आले उगंच."

त्यांनी घोंगडं अंथरलं, ताक दिलं. मी बसले, लगेच उठले, पुन्हा बसले. तासाभरात परत निघाले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारून टपावर हात ठेवला.

घरी पोचले तेव्हा ह्यांनी बॉनेट उघडून तेलाची कांडी बघितली. "एवढ्या लांब जायचं तर आधी तेल बघत जा," म्हणाले, आणि ती कशी बघायची ते मला दाखवलं.