मोहरीएवढा डाग

अलिबागेत दवाखाना थाटला तेव्हा मिरवावी अशी एकच वस्तू माझ्याकडे होती: हातात धरायचा ऑफ्थाल्मोस्कोप. बाहुलीतून आत उजेड टाकून डोळ्याचा पडदा बघायचं यंत्र. रोग्याच्या गालाजवळ गाल न्यावा लागे, आणि दिसे ते किल्लीच्या भोकातून खोली दिसावी तेवढंच. पण माझा त्यावर भारी विश्वास. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा तेव्हाचा मी.

एकदा पेणकडच्या मिठागरातला एक जण आला. तिशीचा, अंगाने दणकट. "डाक्तर, समोरच्याचा तोंड न्हाय दिसत, कान दिसतान," म्हणाला. मीठ कधी ओढायचं ते पाण्यात धरलेल्या दाण्यावरून ठरतं. तो दाणाच दिसेना, म्हणून त्याने दोनदा कच्चं मीठ ओढलं होतं. सोबत त्याचा म्हातारा बाप होता, त्याच मिठागरात जन्म काढलेला.

थेंब घालून बाहुली मोठी करायला हवी होती. पण मग काही दिवस उजेड सोसत नाही, आणि मिठागरावर तर वरूनही ऊन आणि खालूनही ऊन. हंगाम ऐन भरात होता. मला दया आली. बारक्या बाहुलीतूनच, उतरत्या बॅटरीच्या पिवळ्या उजेडात डोकावलो आणि सांगून टाकलं, "डोळे ठणठणीत आहेत."

बापाने मुलाकडे एकदा पाहिलं आणि "चल" म्हणाला.

माझा शब्द गावभर झाला. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले, म्हणजे पोरगा कामचोर. बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि त्याच्या जागी स्वतः मिठाच्या पाण्यात उतरला. हे मला कळलं वर्ष-दीड वर्षाने, मुलगा परत आला तेव्हा. त्याचं डोकं भादरलेलं होतं. म्हातारा गेला होता, शेवटपर्यंत न बोलता. मला स्वतःची शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्या सुमारास मी नवं यंत्र घ्यायच्या विचारात होतो. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात निरनिराळी यंत्रं बघायला मिळणार होती. त्याला घेऊन रेवसहून लाँचने गेलो. या वेळी थेंब घातले. आधी माझंच यंत्र लावलं. पडद्याच्या मधोमध काहीतरी होतं, आहे म्हटलं तर आहे. मग कपाळावर दिवा बांधून, हातातल्या भिंगातून बघितलं. पडदा भरपूर दिसला, पण उलटा आणि बारीक, आणि त्यात ते काहीतरीही हरवलं. शेवटी टेबलभर पसरलेला कॅमेरा. हनुवटी टेकवायची, लख्ख उजेड पडतो आणि पडद्याचा फोटो निघतो.

काही दिवसांनी धुऊन आलेल्या फोटोत मोहरीएवढा डाग होता, कोणीही बोट ठेवावं असा. आधीच्या दोन यंत्रांतून दिसतं ते एकट्या डॉक्टरला, बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा. हा फोटो म्हाताऱ्यालासुद्धा कळला असता.

मी तो घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तो बघितला.

"म्हंजे मी खोटा नव्हतू बोलत."

"नाही. खोटं मी बोललो होतो."

"बापसाला दाखवला असता," तो म्हणाला.

असा डाग सूर्याने पडतो, हे मला ठाऊक होतं. सूर्याकडे कधी टक लावून पाहिलं होतंस का, असं विचारलं.

"ग्रहण लागलेला तवा. पन वर न्हाय बघला. बापूस बोलला, वर बघू नको, पान्यान बघ. मंग मिठाच्या पान्यान बघत ऱ्हायलू, सुटंपर्यंत."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा खोटं बोलून पस्तावलेला माणूस खरं बोलायला उतावीळ असतो. संथ पाणीही सूर्य डोळ्यात फेकतं, हे मी त्याला समजावून सांगितलं.

 त्याने फोटो माझ्या हातात परत दिला.

"बरा झाला," म्हणाला, "बापसानं ह्यो न्हाय बघला."