फोटोखालची ओळ

आमच्या भोईवाड्यातल्या दगडू तोडणकरांच्या कबड्डीचा एकच पुरावा उरलाय, बंद पडलेल्या क्रीडा मासिकाचं एक पान. फोटोत चौघं त्यांच्या अंगावर पडलेत. खाली छापलंय, 'पुढच्याच क्षणी तोडणकरांनी चौघांना ओढत मधली रेषा गाठली आणि सामना जिंकला.' त्या चढाईत गुडघा गेला तो कायमचाच.

चाळीतल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला आमच्या दीडशहाण्या मनालीने त्या पानाचा फोटो काढला, खालची ओळ कापली आणि इन्स्टावर टाकला. संध्याकाळपर्यंत अख्खी चाळ खिदळत होती. 'काकांचा चेंदामेंदा!' त्यांच्या सख्ख्या नातवानेही लाईक ठोकला.

काका पान घेऊन लंगडत मंडळात आले. "पोरी, खालची ओळपण टाक गं."

मोबाईलवरून मान वर न करता ती म्हणाली, "काका, खालचं कोण वाचतं?"